प्रसंग, चौकट आणि वाचक : 'भीमायन'च्या निमित्ताने गंभीर गद्याच्या चित्ररूपांतराचा विचार

१. प्रश्नाची मांडणी

कुमार आणि तरुण वाचकांच्या हाती जावी अशी गंभीर पुस्तके दृश्य माध्यमात आणण्याचा प्रघात मराठीला नवा नाही. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' १९३५ मध्ये पुस्तकरूपाने आली. आचार्य अत्रे यांनी तिच्यावर १९५३ मध्ये चित्रपट काढला आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, १९५४ मध्ये, त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. महाराष्ट्रातील एका बालपणाची प्रतिमा अशा रीतीने शब्दांतून पडद्यावर गेली आणि मराठी मध्यमवर्गाच्या मनात स्थिर झाली.

त्याच सुमारास महाराष्ट्रातीलच दुसरे एक बालपण शब्दबद्ध होत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३५-३६ च्या आसपास 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटेखानी आत्मकथनपर टिपण इंग्रजीत लिहिले. ते त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये ते पुस्तिकेच्या रूपाने छापले आणि वसंत मून यांनी संपादिलेल्या शासकीय ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात ते १९९३ मध्ये समाविष्ट झाले. या टिपणाचे चित्ररूप मात्र मुंबईत वा पुण्यात नव्हे, तर दिल्लीत सिद्ध झाले. नवयान या प्रकाशनसंस्थेने २०११ मध्ये 'भीमायन' ही चित्रकादंबरी काढली. तिचे लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे असून चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची आहेत. त्याच वर्षी त्याच संस्थेने महात्मा फुले यांच्या 'गुलामगिरी' (१८७३) या ग्रंथावर आधारलेली 'अ गार्डनर इन द वेस्टलँड' ही दुसरी चित्रकादंबरी प्रसिद्ध केली. तिचे लेखन नटराजन यांचे आणि चित्रे अपराजिता निनान यांची आहेत.

काटेकोर अर्थाने यांतील एकही मूळ कृती कुमारांसाठी लिहिलेली कादंबरी नव्हे. तथापि 'वेटिंग फॉर अ व्हिसा'चा पहिला आणि सर्वांत विस्तृत भाग नऊ वर्षांच्या मुलाचा अनुभव सांगतो, आणि दोन्ही चित्रकादंबऱ्या तरुण वाचकाला समोर ठेवून रचलेल्या दिसतात. म्हणून गंभीर कुमार-वाङ्मयाच्या चित्ररूपांतराचा प्रश्न अभ्यासण्यासाठी मराठी समाजाशी निगडित अशी यापेक्षा जवळची उदाहरणे क्वचितच सापडतील.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे आहे : अशा रूपांतराची कसोटी मूळ कथेशी असलेल्या निष्ठेत शोधणे अपुरे ठरते. मूळ ग्रंथाने आपल्या वाचकाशी कोणते नाते जोडले होते आणि रूपांतराने त्या नात्याचे काय केले, हा अधिक निर्णायक प्रश्न होय. 'भीमायन'चे यश आणि तिच्या मर्यादा या दोहोंचा उलगडा याच प्रश्नातून होतो.

२. मूळ संहितेची पद्धती

'वेटिंग फॉर अ व्हिसा'च्या आरंभी आंबेडकर आपली पद्धती स्पष्ट करतात. अस्पृश्यता म्हणजे काय हे परदेशी माणसाला समजावून सांगायचे आहे. त्यासाठी दोन मार्ग संभवतात. एक, अस्पृश्यांच्या स्थितीचे सर्वसाधारण वर्णन करणे. दुसरा, त्यांना मिळालेल्या वागणुकीचे प्रत्यक्ष प्रसंग नोंदविणे. लेखक दुसरा मार्ग अधिक परिणामकारक मानून तो स्वीकारतो. या निवडीकडे वाङ्मयीन दृष्टीने पाहिले पाहिजे. 'जातिसंस्थेचे निर्मूलन' हा तर्कप्रधान ग्रंथ १९३६ मध्ये प्रसिद्ध करणारा विचारवंत त्याच सुमारास युक्तिवाद बाजूला ठेवून केवळ प्रसंग सांगू पाहतो. वाचक बाहेरचा आहे म्हणून ही निवड झाली आहे.

टिपणात सहा प्रकरणे आहेत. पहिल्यात १९०१ सालचा प्रवास येतो. वडील रामजी सकपाळ हे खटाव तालुक्यातील तलावाच्या दुष्काळी कामावर रोखपाल होते. साताऱ्याहून त्यांच्याकडे निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरतात. कपड्यांवरून स्टेशनमास्तर त्यांना ब्राह्मणांची मुले समजतो, आणि ती महारांची आहेत हे कळताच मागे हटतो. कोणी गाडीवान त्यांना नेण्यास तयार होत नाही. अखेर दुप्पट भाडे घेऊन एकजण तयार होतो. पण गाडी मुलांनीच हाकायची आणि त्याने पायी चालायचे, अशा अटीवर. शिदोरी जवळ असूनही पाणी न मिळाल्यामुळे मुलांना उपाशी राहावे लागते. दुसऱ्या प्रकरणात परदेशात शिकून बडोदे संस्थानच्या नोकरीत आलेल्या तरुणाला पारशी पथिकाश्रमातून हाकलून दिले जाते. तिसऱ्यात १९२९ मधील चाळीसगावचा टांग्याचा अपघात आणि चौथ्यात १९३४ मधील दौलताबाद किल्ल्यावरील पाण्याचा प्रसंग आहे. पाचवे आणि सहावे प्रकरण लेखकाच्या स्वतःच्या आयुष्यातील नाही. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाच्या बाळंत पत्नीला वैद्यकीय उपचार नाकारले गेल्याची हकीकत 'यंग इंडिया'त डिसेंबर १९२९ मध्ये प्रसिद्ध झाली होती, ती येथे उद्धृत होते. आणि शेवटी खेडा जिल्ह्यात तलाठी म्हणून नेमल्या गेलेल्या एका तरुणाची कैफियत येते.

याचा अर्थ असा, की ही संहिता अर्ध्यापासूनच 'आत्म'कथनाची मर्यादा ओलांडते. 'मी'चे प्रसंग सांगता सांगता ती इतरांच्या साक्षी जोडून घेते. तिची भाषा संयत आहे. लेखक कोणावर दोषारोपाची विशेषणे लादत नाही. घडले ते क्रमाने सांगतो आणि निष्कर्ष वाचकावर सोपवितो.

साहित्येतिहासाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट नोंदवावी लागते. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आणि लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये आले. पाणी, निवारा आणि प्रवास यांच्या नकारातून जातिव्यवस्था उलगडणारे गद्य मराठीत रुजून गेल्यानंतर 'वेटिंग फॉर अ व्हिसा' छापील रूपात वाचकांसमोर आले. जे लेखन कालदृष्ट्या आधीचे, ते वाचनाच्या क्रमात नंतरचे ठरले.

३. दिल्ली : चित्रकथेचे एक केंद्र

हे रूपांतर दिल्लीत का घडले, याचे उत्तर केवळ प्रकाशकाच्या पत्त्यात नाही. भारतीय चित्रकथेच्या इतिहासात दिल्लीचे स्थान आरंभापासून दिसते. 'अमर चित्र कथा'च्या जन्माची परिचित हकीकतच दिल्लीची आहे. अनंत पै यांनी १९६७ मध्ये दिल्लीत दूरदर्शनवरील एक प्रश्नमंजूषा पाहिली. ग्रीक पुराणकथांविषयी उत्तरे देणाऱ्या मुलांना रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही, आणि त्यातून मालिकेची कल्पना सुचली, असे ते सांगत. तेव्हा देशात दूरचित्रवाणी फक्त दिल्लीत होती. मालिका निघाली मुंबईतून. परंतु तिच्यामागचा प्रश्न राजधानीत विचारला गेला होता. पुढे चाचा चौधरी घरोघर पोहोचविणारे डायमंड कॉमिक्स आणि नागराजसारखे नायक घडविणारे राज कॉमिक्स या हिंदी चित्रकथेच्या दोन मोठ्या संस्था दिल्लीतच वाढल्या.

गंभीर चित्रकादंबरीचा प्रवाहही येथेच सुरू झाला. ओरिजित सेन यांची 'रिव्हर ऑफ स्टोरीज' ही नर्मदा खोऱ्यातील विस्थापनावरील कृती १९९४ मध्ये कल्पवृक्ष या पर्यावरणगटाने प्रसिद्ध केली. सारनाथ बॅनर्जी यांची 'कॉरिडॉर' (२००४) कॅनॉट प्लेसमधील जुन्या पुस्तकांच्या दुकानाभोवती फिरते, तर विश्वज्योती घोष यांची 'दिल्ली काम' (२०१०) आणीबाणीचा काळ चितारते. याच दशकात इंग्रजी अभिजात कादंबऱ्यांची शालेय वाचकांसाठी चित्ररूपांतरे करणारी कॅम्पफायर ही मालिकाही दिल्लीतून निघू लागली. नवयानची स्थापना २००३ मध्ये दक्षिणेत झाली आणि २००७ मध्ये तिने आपले बिऱ्हाड दिल्लीत हलविले. जातिविरोधी विचारांची पुस्तके काढणाऱ्या या संस्थेला चित्रकादंबरीचा तयार वाचक आणि चित्रकारांचा परिसर दिल्लीत मिळाला.

दिल्लीतील मराठी अभ्यासकांचा आणि फुले-आंबेडकर विचारांचा संबंधही येथे लक्षात घ्यावा लागतो. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात अध्यापन करणारे नाटककार गो. पु. देशपांडे यांनी जोतीरावांवर 'सत्यशोधक' हे नाटक लिहिले, आणि त्यांनीच संपादिलेले फुले यांचे निवडक लेखन लेफ्टवर्डने २००२ मध्ये इंग्रजीत आणले. महाराष्ट्रातील एकोणिसाव्या शतकाचे गद्य राजधानीतील इंग्रजी वाचकाला उपलब्ध होण्याची प्रक्रिया अशा रीतीने चित्रकादंबरीच्या आधीच सुरू झालेली होती.

४. चौकटीचा नकार

आंबेडकरांचे चरित्र चित्रकथेत 'भीमायन'पूर्वीही आले होते. 'अमर चित्र कथा'चा 'बाबासाहेब आंबेडकर' हा अंक १९७९ मध्ये निघाला. त्याचे लेखन सिद्धार्थ महाविद्यालयाचे ग्रंथपाल राहिलेले शां. शं. रेगे यांचे, तर चित्रे दिलीप कदम यांची. या मालिकेचे व्याकरण सर्वपरिचित आहे : मोजकी पाने, आयताकृती चौकटी, वास्तवदर्शी रेखाटन, वरच्या पट्टीत निवेदन, आणि जन्मापासून पुढे जाणारा एकनायकी क्रम. राम, शिवाजी महाराज आणि आंबेडकर हे तिघेही एकाच साच्यातून वाचकासमोर येतात. त्यामुळे नायकत्व सर्वांना समान मिळते, परंतु नायकाने ज्या व्यवस्थेशी झगडा मांडला ती व्यवस्था कथेतील एक अडथळा एवढीच उरते. अडथळा ओलांडला की गोष्ट संपते.

'भीमायन'ने हा साचा मुळातूनच बदलला. त्यात चित्रकारांचा वाटा निर्णायक आहे. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक. बाना या तंतुवाद्याच्या साथीने कुळकथा आणि देवकथा गाणे हे त्यांचे काम. विदर्भातील परधान समाजाशी मराठी वाचकाचा परिचय असतोच. एकोणीसशे ऐंशीच्या दशकाच्या आरंभी जे. स्वामीनाथन यांच्या पुढाकाराने जनगढसिंह श्याम भोपाळच्या भारत भवनात आले आणि गायनाची ही परंपरा कागद व कॅनव्हासवर उतरू लागली. व्याम दांपत्य त्याच परंपरेतील. पात्रांना चौकटीत कोंडले तर ती गुदमरतील, अशी त्यांची भूमिका होती. म्हणून 'भीमायन'ची पाने चौकटींत विभागलेली नाहीत. घराच्या भिंती व अंगण सजविण्यासाठी स्त्रिया काढतात त्या दिग्ना या आकृतिबंधाच्या वळणदार पट्ट्यांनी ती विभागली आहेत. जॉन बर्जर यांनी आपल्या प्रस्तावनेत या मोकळेपणाचे स्वागत केले आहे.

याचा परिणाम केवळ शोभेचा नाही. चित्रकथेतील चौकट काळाचे तुकडे करते : एक चौकट म्हणजे एक क्षण, आणि दोन चौकटींमधील कोरी जागा म्हणजे मधला काळ. चौकट गेली की क्रम सैल होतो आणि वस्तूंचे परस्परांशी असलेले नाते पुढे येते. आगगाडी सापासारखी सरपटते, दौलताबादचा किल्ला हिंस्र श्वापदाचे रूप घेतो, महाडच्या सभेतील ध्वनिवर्धकांतून जणू पाणी झिरपते. पुस्तकाचे तीन भाग पाणी, निवारा आणि प्रवास असे आहेत. म्हणजेच रचना वर्षांनुसार नसून नाकारल्या गेलेल्या गरजांनुसार आहे. मूळ संहितेनेही जन्मापासूनचा क्रम न घेता निवडक प्रसंगच घेतले होते. त्या दृष्टीने चरित्रक्रम मोडणारी ही रचना मूळ संहितेच्या पद्धतीला 'अमर चित्र कथा'पेक्षा अधिक जवळची आहे. शीर्षकातील 'अयन' या शब्दाचा प्रवास हा अर्थही तिसऱ्या भागात सार्थ होतो. आणि रामाच्या आईचे नाव ठाऊक नसल्याच्या खंतीतून सुरू झालेल्या भारतीय चित्रकथेला हे शीर्षक दिलेले एक उत्तर आहे, असेही म्हणता येईल.

५. संवादफुग्याची नीती

चित्रकथेत संवाद ज्या फुग्यात लिहितात तो सामान्यतः निरपेक्ष असतो. 'भीमायन'मध्ये तो तसा नाही. पीडितांचे, स्नेहाचे बोल पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येतात. जातीचे विष बाळगणारे बोल विंचवाच्या नांगीसारखे शेपूट असलेल्या फुग्यात. आणि मनातील विचारांच्या फुग्याला डोळा असतो. वाचकाने शब्द वाचण्यापूर्वीच त्या शब्दांचे मूल्य त्याला दिसते.

येथे मूळ गद्य आणि चित्र यांतील सर्वांत मोठा फरक घडतो. मसूरच्या स्टेशनमास्तरचा प्रसंग वाचताना आपण आधी त्याच्या चौकशीत आपुलकी ऐकतो, आणि एका शब्दानंतर ती आपुलकी नाहीशी झालेली पाहतो. हा धक्का संयत निवेदनामुळे बसतो. कारण वाचकाला आधी कोणीही सावध केलेले नसते. नांगीचा फुगा वाचकाला सावध करतो. बारकाईने पाहता नांगी माणसाला जोडलेली नसून उच्चारलेल्या वाक्याला जोडलेली आहे, आणि तीच व्यक्ती दुसरे वाक्य दुसऱ्या फुग्यात बोलू शकते, ही शक्यता या योजनेत शिल्लक राहते. तरीही निष्कर्ष वाचकावर सोपविण्याचे मूळ धोरण येथे मर्यादित होते, हे मान्य केले पाहिजे.

या मर्यादेचे एक समर्थनही संभवते, आणि ते दिल्लीतच पुढच्या वर्षी घडलेल्या घटनेतून मिळते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात शंकर यांचे १९४९ मधील एक व्यंगचित्र छापले होते. त्यात संविधानरूपी गोगलगायीवर बसलेले आंबेडकर आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू दिसतात. मे २०१२ मध्ये त्यावरून संसदेत वादळ उठले. पाठ्यपुस्तकाचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी पद सोडले. पाठ्यपुस्तककारांच्या मते विद्यार्थ्याने चित्राचा अर्थ स्वतः लावावा, हे शिक्षण होते. आक्षेप घेणाऱ्यांच्या मते चाबकाचे चित्र दलित विद्यार्थ्याच्या वर्गातील अनुभवापासून अलग करता येत नव्हते. वादाचा निवाडा करणे हा या निबंधाचा हेतू नाही. परंतु चित्र वर्गात गेले की त्याचा वाचक एकच एक राहत नाही. शेजारी बसलेली दोन मुले तेच चित्र दोन स्मृतींच्या आधारे वाचतात. 'भीमायन'मधील फुग्यांचे आकार या वास्तवाचे भान ठेवतात. चित्राने कोणाची बाजू घेतली आहे याविषयी ते संदिग्धता ठेवत नाहीत.

६. संबोध्य वाचकाचे स्थलांतर

मूळ टिपणाचा वाचक परदेशी होता. 'भीमायन'च्या कर्त्यांनी त्याच्या जागी दुसरा वाचक आणला, आणि त्यासाठी एक चौकटकथा रचली. एका भारतीय शहरातील बसथांब्यावर एक तरुण आरक्षणाविरुद्ध कुरकुर करतो. तेथील एक स्त्री त्याला आंबेडकरांच्या आयुष्यातील प्रसंग सांगू लागते. १९३५ च्या परदेशी माणसाची जागा येथे शहरी, शिक्षित, सवर्ण भारतीय तरुणाने घेतली आहे. त्याचे अज्ञान भौगोलिक अंतरामुळे आलेले नसून सामाजिक अंतरामुळे आलेले आहे. हा बदल रूपांतरातील सर्वांत मूलगामी निर्णय होय. मूळ ग्रंथाने बाहेरच्याला उद्देशून लिहिण्याचे जे धोरण ठेवले होते ते येथे टिकते. पण बाहेरचा माणूस आता आपल्याच रांगेत उभा आहे.

बसथांब्यावरील संभाषणात वर्तमानपत्रांतील अत्याचारांच्या बातम्याही येतात. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीचे २००६ मधील हत्याकांड त्यांत आहे. काही वाचकांना ही जोड उपरी वाटेल. परंतु आंबेडकरांनी स्वतःच पाचव्या प्रकरणात नियतकालिकातील पत्र उद्धृत केले होते. आत्मकथनाला वृत्तपत्रीय साक्ष जोडण्याची रीत मूळ संहितेतीलच आहे. रूपांतरकारांनी मजकूर बदलला, पण पद्धती पाळली. उलट महाडचा १९२७ चा सत्याग्रह, जो मूळ टिपणात नाही, तो पाण्याच्या भागात आणल्यामुळे मसूरहून पुढच्या वाटेवर तहानलेला मुलगा आणि चवदार तळ्यावर बोलणारा नेता एकाच ओळीत येतात. येथे संहितेतील न संपणाऱ्या प्रतीक्षेला चरित्राची विजयी गती मिळते. टिपणाचे नाव प्रतीक्षेचे आहे आणि त्याचा शेवट विजयाचा नाही, हे विसरता येत नाही.

पुस्तकाच्या उपशीर्षकातील 'आयुष्यातील प्रसंग' या शब्दप्रयोगाची घडण हॅरिएट जेकब्ज यांच्या १८६१ मधील गुलामकन्येच्या आत्मकथनाच्या शीर्षकाची आठवण करून देते. 'गुलामगिरी' हा ग्रंथ जोतीरावांनी गुलामगिरी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला होता, हे ध्यानात घेता ही तुलना आगंतुक ठरत नाही. मराठी जातिविरोधी गद्याला ती आरंभापासूनच परिचित आहे.

७. तुलनेसाठी 'गुलामगिरी'

प्रसंगप्रधान संहिता चित्राला अनुकूल असते हे सहज पटते. पण तर्कप्रधान संहितेचे काय? 'गुलामगिरी' धोंडिबा आणि जोतीराव यांच्या प्रश्नोत्तरांतून चालते. मत्स्य, कच्छ, वराह, नरसिंह, वामन, परशुराम या अवतारकथांची उलटतपासणी करून तिच्यातून आक्रमण आणि गुलामीचा इतिहास उभा केला जातो. येथे प्रसंग नाही, खंडन आहे. तथापि या खंडनाचे प्रमुख शस्त्र उपहास आहे : कथा शब्दशः खरी मानली तर ती कशी दिसेल, असे धोंडिबाला विचारायला लावून जोतीराव तिची विसंगती उघडी करतात. 'कसे दिसेल' हा प्रश्नच चित्रकाराला दिलेले आमंत्रण आहे. निनान यांची काळी-पांढरी, व्यंगचित्राकडे झुकणारी रेषा ते स्वीकारते. व्याम यांच्या रंगीत, जीवसृष्टीने भरलेल्या पानांपेक्षा तिचा स्वभाव वेगळा असणे स्वाभाविक होते.

जोतीरावांना दृश्य आणि प्रयोगरूप माध्यमांचे वावडे नव्हते. 'तृतीय रत्न' (१८५५) या नाटकात त्यांनी विदूषकाला भाष्यकार केले. १८६९ मध्ये शिवाजी महाराजांचा पोवाडा रचला. निरक्षर श्रोत्यापर्यंत विचार पोहोचविण्यासाठी लोकप्रिय रूपांचा वापर करणे ही त्यांचीच रीत होती. पुढे सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी ती चालविली. म्हणून चित्रकादंबरीने या ग्रंथांचे गांभीर्य कमी केले, हा आक्षेप टिकणारा नाही.

खरा आक्षेप वेगळा आहे. पोवाडा आणि जलसा ज्याच्यासाठी होता तो श्रोता शूद्रातिशूद्र होता. धोंडिबा हा त्याचा प्रतिनिधी. तो प्रश्न विचारतो तेव्हा आपल्याच इतिहासाविषयी विचारतो. इंग्रजी चित्रकादंबरीचा वाचक मात्र बहुधा महानगरातील इंग्रजी शाळेत शिकलेला आहे. 'भीमायन'च्या बाबतीत मूळ टिपणच बाहेरच्या वाचकासाठी असल्यामुळे हे स्थलांतर नैसर्गिक ठरते. 'गुलामगिरी'च्या बाबतीत ते ग्रंथाचा पत्ताच बदलते.

८. भाषांची साखळी आणि अभ्यासक्रम

'वेटिंग फॉर अ व्हिसा'मधील मसूरचा प्रसंग घडला तो मराठीत. स्टेशनमास्तर आणि गाडीवान मुलांशी मराठीतच बोलले असणार. जकातनाक्यावर मुसलमान असल्याची बतावणी करताना छोटा भीम उर्दू वापरतो, ही नोंद त्यामुळेच अर्थपूर्ण होते. लेखकाने हा अनुभव इंग्रजीत लिहिला. व्याम दांपत्यापर्यंत तो हिंदीतून पोहोचला आणि त्यांनी तो गोंड चित्रभाषेत मांडला. छापील पुस्तकातील शब्द पुन्हा इंग्रजी आहेत. चार भाषांच्या या साखळीतील पहिली कडी, म्हणजे मराठी, पानावर कोठेच दिसत नाही. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला येथे 'मूळ' हा शब्द सावधपणे वापरावा लागतो : लिखित मूळ इंग्रजी आहे, पण अनुभवाचे मूळ मराठी आहे.

म्हणून अशा पुस्तकाच्या कोणत्याही मराठी आवृत्तीपुढील काम इंग्रजी फुग्यांतील वाक्ये भाषांतरित करण्यापुरते मर्यादित राहत नाही. १९०१ मधील सातारी बोली, रेल्वे अधिकाऱ्याची भाषा, गाडीवानाचे बोलणे यांची पुनर्रचना तिला करावी लागते. शिवाय देवनागरीला शिरोरेषेवरच्या आणि अक्षराखालच्या चिन्हांसाठी जास्त उंची लागते. पक्ष्याच्या किंवा विंचवाच्या आकारात ती बसविताना आकार तरी बदलतो किंवा वाक्य तरी. ही अडचण तांत्रिक वाटते. परंतु जेथे आकारच अर्थवाहक आहे तेथे ती अर्थाची अडचण होते.

दिल्ली विद्यापीठाने २०१५ मध्ये लागू केलेल्या इंग्रजी (ऑनर्स) अभ्यासक्रमात लोकप्रिय साहित्याच्या अभ्यासपत्रिकेत 'भीमायन'चा समावेश केला. त्या नोंदीतील दोन गोष्टी उद्बोधक आहेत. एक, तेथे कर्ते म्हणून दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांचीच नावे येतात. ज्यांनी लिखित संहिता इंग्रजीत वाचली नाही ते कलावंत विद्यापीठीय अर्थाने 'लेखक' ठरतात आणि शब्दांचे कर्ते मागे राहतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची : दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पर्याय म्हणून आंबेडकरांची आत्मकथनपर टिपणे सुचविली आहेत. चित्ररूप झालेली संहिता ज्याला पाहता येत नाही त्याच्यासाठी विद्यापीठ पुन्हा गद्याकडे वळते. एकाच वर्गात काही विद्यार्थी विंचवाची नांगी पाहतात आणि काहीजण स्टेशनमास्तरच्या प्रश्नाने निर्माण केलेला विश्वास मोडताना ऐकतात. दोघांचे वाचन एक नव्हे, आणि यांपैकी कोणतेही एक दुसऱ्याची जागा घेत नाही.

९. समारोप

दरवर्षी सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांपुढे गर्दी होते. अल्प किमतीच्या पुस्तिका, तसबिरी आणि गीतांची पुस्तके घेऊन तरुण घरी परततात. महाराष्ट्रातील दलित कुमारवयीन वाचकाचा आंबेडकरांशी पहिला परिचय बहुधा याच मार्गाने होतो. दिल्लीतील महाविद्यालयीन विद्यार्थ्याचा परिचय 'भीमायन'सारख्या देखण्या इंग्रजी ग्रंथातून होऊ शकतो. पहिल्याला आपला इतिहास सांगितला जात असतो. दुसऱ्याला त्याने न पाहिलेला इतिहास दाखविला जात असतो. गंभीर गद्याचे चित्ररूपांतर या दोन वाचकांपैकी कोणासाठी आहे, हे ठरविल्याखेरीज त्याचे मूल्यमापन पूर्ण होऊ शकत नाही.

'भीमायन'ने आपला वाचक ठरविला आहे, आणि त्याला बसथांब्यावर प्रत्यक्ष उभे करून ते लपविलेलेही नाही. तिचा प्रामाणिकपणा यातच आहे. तिने न सोडविलेला प्रश्न मराठीकडे येतो. ज्या भाषेत मसूरच्या स्थानकावर मुलांना गाडी नाकारली गेली त्या भाषेत ही पाने उघडतील तेव्हा वाचक एकाच वेळी आतला आणि बाहेरचा असेल. गाडीवानाचा नातू आणि गाडीतल्या मुलांचा नातू एकाच बाकावर बसून ती वाचतील. त्या वाचनासाठी चित्र कसे असावे आणि शब्द कसे असावेत, याचा विचार मराठी रूपांतरकारांना स्वतंत्रपणेच करावा लागेल.